आमचं रुग्णसाहित्य केंद्र

माझ्या बायकोचा, सुशीलाचा, शस्त्रक्रिया करून बदललेला गुडघा बरा झाला आणि आमच्या घरात एक वॉकर, एक कमोडची खुर्ची आणि एक हवेची गादी अशी तीन माणसं जास्तीची झाली. माणसं अशासाठी म्हणतो की कर्वेनगरच्या दोन खोल्यांत त्यांना माणसांएवढीच जागा लागायची. त्यातली कमोडची खुर्ची तर हॉलमध्येच ठाण मांडून होती. वर झाकण असल्यामुळे ती साधी खुर्ची वाटे. येणारा-जाणारा तिच्यावर ऐसपैस बसे, चहा घेई, आणि निघताना हातानं चाचपून आपण कशावर बसलो होतो ते कळलं की पुन्हा आमच्याकडे येईनासा होई. विम्याचा एक एजंट अशानेच सुटला. तेवढा एक फायदा मी प्रामाणिकपणे नोंदवतो.

"अहो, देऊन टाका कुणाला तरी," सुशीला म्हणाली. "चांगल्या वस्तू आहेत. कुणाच्या तरी उपयोगी पडतील."

एवढंच ती बोलली. दुसरा कुणी असता तर रिक्षात घालून एखाद्या दवाखान्यात ठेवून आला असता. पण मी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणी खात्यात उभा जन्म काढलेला माणूस. तिथे एक पेटी इकडून तिकडे हलवायची तरी आधी कागद हलतो. मी एका पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात सूचना लिहिली आणि सोसायटीच्या फळ्यावर लावायला गेलो. फळ्याची किल्ली सेक्रेटरींकडे, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या तात्यारावांकडे. तात्याराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. माणसांशी ते अजूनही ट्रंककॉल लावल्यासारखं, मोजकं बोलत.

त्यांनी पुठ्ठा लांब धरून वाचला. "'गरजूंनी संपर्क साधावा.' रंगराव, आपल्या सोसायटीत स्वतःला गरजू म्हणवून घेणारा कोण आहे? 'इच्छुकांनी' करा."

"कमोडच्या खुर्चीला इच्छुक कोण असणार?"

"तो आपला प्रश्न. मी फक्त भाषा पाहतो."

मी 'इच्छुकांनी' केलं. आठवडाभर एकही इच्छुक फिरकला नाही. मग रविवारी बेल वाजली. दारात शेजारच्या इमारतीतले एक गृहस्थ, हातात दोन कुबड्या.

"तुम्ही घेता ना?" ते म्हणाले.

"घेत नाही, देतो."

"म्हणजे आधी घेत असालच की," असं म्हणून कुबड्या भिंतीला टेकवून ते जिना उतरलेसुद्धा.

त्यानंतर रीघ लागली. माणूस गेल्यावर त्याचे कपडे कुणाला देता येतात, चष्मा कपाटात ठेवता येतो, पण त्याच्या कमोडच्या खुर्चीचं काय करायचं हे कुठल्याच धर्मानं सांगून ठेवलेलं नाही. आमच्या धम्मात दानाला फार मोठं स्थान आहे, पण तिथेही या वस्तूचा उल्लेख माझ्या तरी वाचनात नाही. त्यामुळे अख्ख्या कर्वेनगरातली न सुटलेली ही अडचण आमच्या गॅलरीत येऊन साचू लागली. गॅलरी भरली, मग न्हाणीघराबाहेरची जागा भरली. आमचा योगेश तेव्हा खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. रात्रपाळी करून सकाळी घरी यायचा आणि झोपेत चालताना कुठल्या ना कुठल्या वॉकरमध्ये अडकायचा.

"बाबा, धिस इज नॉट अ हाउस," तो एकदा म्हणाला. "वेअरहाउस आहे."

सून राजनंदिनी मात्र खूश होती. तीही त्याच कंपनीत. "याला नाव द्या ना बाबा," ती म्हणाली. "नाव दिलं की लोक सीरियसली घेतात."

मी नाव दिलं: रुग्णसाहित्य केंद्र. बुद्धपौर्णिमेला खडकीच्या विहारातले भन्तेजी आले, वंदना झाली, खीर वाटली, आणि तळमजल्यावरच्या माझ्या पार्किंगच्या जागेत केंद्राचं उद्घाटन झालं. माझ्याकडे गाडी नव्हती, पण जागा होती. सोसायटीतल्या गाडीवाल्यांचा माझ्यावर आधीपासून राग होता तो यामुळेच. आता त्याला सबळ कारण मिळालं.

लोक खरोखरच सीरियसली घेऊ लागले. बी इमारतीतल्या श्यामरावांनी आईची कमोडची खुर्ची दिली आणि तिच्यावर आईचं नाव हवं असा आग्रह धरला. मी पेंटर आणून खुर्चीच्या पाठीवर झोकदार अक्षरांत 'कै. मुक्ताबाई यांच्या स्मरणार्थ' असं लिहून घेतलं. खुर्ची कोथरूडला एका आजोबांकडे गेली. ते निघाले श्यामरावांच्या बहिणीचे चुलत सासरे. बहीण त्यांना भेटायला गेली आणि तिथून थेट माझ्या दारात आली.

"आमच्या आईचं नाव कुठं लिहायचं याचा काही पोच?" ती म्हणाली. "सगळ्या पाहुण्यांसमोर ते 'मुक्ताबाई आणा, मुक्ताबाई आणा' म्हणून ओरडत होते."

मी नाव खरवडलं आणि त्याऐवजी एका चाकाच्या खुर्चीवर घातलं. त्यावर चाकाच्या खुर्चीचे मूळ दाते आले. शेवटी मुक्ताबाईंना गरम पाण्याच्या रबरी पिशवीवर जागा मिळाली. तिथे अक्षरं टिकेनात, पण तोवर दोन्ही घरांनी माझ्याशी बोलणं सोडलेलं होतं, त्यामुळे तक्रार आली नाही.

मग पायलचं प्रकरण. दुसऱ्या मजल्यावरच्या पायलला बघायला बंगळूरचा मुलगा आला होता. गाडी लावताना त्यांना ओळीनं उभे वॉकर, कुबड्या आणि खुर्च्या दिसल्या. मुलाच्या वडिलांनी वर जाऊन पहिला प्रश्न विचारला, "इथलं पाणी कसं आहे?" लग्न जमलं नाही. पुढे पायलनेच मला सांगितलं की मुलगा तिलाच आवडला नव्हता. पण तोवर वार्षिक सभेत तात्यारावांचा ठराव येऊन गेला होता: पार्किंगच्या जागेचा पार्किंगव्यतिरिक्त वापर बंद करावा, अथवा संबंधित सभासदाने संस्था रीतसर नोंदवावी.

"माझा व्यक्तिशः विरोध नाही," तात्याराव सभेत म्हणाले. "आजारी पडण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. तो गेटसमोर बजावू नये एवढंच."

लोक हसले. सुशीला माझ्या शेजारी बसली होती, ती हसली नाही. मी उठून बोलणार होतो, पण मुद्दे आठवेपर्यंत सभा चहावर आली.

नोंदणीच्या कचेरीत मी किती खेटे घातले ते सांगत नाही. टेबलामागच्या माणसानं विचारलं, "उद्देश वैद्यकीय की शैक्षणिक?"

"वॉकर देतो. आणि तो कसा वापरायचा तेही शिकवतो."

"म्हणजे दोन्ही. दोन्हीला वेगळा अर्ज."

"मग शिकवत नाही असं समजा."

"तसं कसं समजू? तुम्ही आत्ताच बोललात."

शिकवायची ती सुशीला. ही गोष्ट मी आत्ता ज्या सहजपणे सांगतोय, त्याच सहजपणे तेव्हा पाहत होतो, म्हणजे जवळजवळ पाहतच नव्हतो. माझ्या लेखी केंद्र म्हणजे माझा अर्ज, माझं कुलूप आणि माझी पार्किंगची जागा. कुणी वॉकर न्यायला आलं की सुशीला चपला घालून त्यांच्याबरोबर निघे. तिथे जाऊन ती वॉकरची उंची आजारी माणसाच्या मनगटाशी जुळवून घेई, वाटेतली पायपुसणी उचलून ठेवी, आणि मग स्वतःची साडी गुडघ्याच्या वर धरून तिथला व्रण दाखवी. "हे बघा, मीपण रडायचे," म्हणे. मग चहा होई. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा जाई, काही कारण नसताना. आमच्या रस्त्यावरच्या डॉक्टरांनी एकदा मला थांबवून सांगितलं, "रंगराव, तुमच्याकडून वॉकर नेलेले पेशंट लवकर हिंडाफिरायला लागतात. कुठली कंपनी आहे?" मी त्यांना वॉकरच्या कंपनीचं नाव सांगितलं.

आणि मग राधावहिनींना अर्धांगाचा झटका आला. राधावहिनी म्हणजे तात्यारावांच्या पत्नी. दवाखान्यातून घरी आणल्यावर एके संध्याकाळी तात्याराव खाली आले. मी वॉकर पुसत होतो. ते थोडा वेळ सोसायटीची भिंत पाहत उभे राहिले.

"एक वॉकर मिळेल?" ते म्हणाले. "रीतसर अर्ज करतो."

खरं सांगायचं तर या क्षणाची मी सभेपासून वाट पाहिली होती. चार वाक्यंही तयार होती. पण त्यांच्या शर्टाची बटणं एक घर चुकून लागलेली होती. राधावहिनी धडधाकट असताना असं कधी झालं नसतं. मी पुसलेला वॉकर त्यांच्याकडे सरकवला.

"अर्ज कसला तात्याराव, घेऊन जा."

"नाही. नियम आहे तर अर्ज आहे."

अर्जात तीन महिन्यांनी वस्तू परत करण्याची अट होती. लोक बरे झाल्यावर वॉकरवर टॉवेल वाळत घालायचे, म्हणून ती मीच घातली होती. तात्यारावांनी अट दोनदा वाचली, सही केली आणि वॉकर उचलला. सुशीला त्यांच्यामागून जिना चढू लागली. लिफ्ट बंद होती. नव्या गुडघ्यानं तिसरा मजला म्हणजे तिच्यासाठी लहान डोंगरच. त्या दिवसापासून रोज दुपारी ती तो चढायला लागली.

"त्या माणसानं भर सभेत आपलं हसं केलं," मी एकदा म्हणालो.

"त्यांनी केलं. वहिनींनी नाही," ती म्हणाली, आणि गेली.

महिन्याभरात राधावहिनी वॉकर धरून उभ्या राहू लागल्या. मग चार पावलं. तात्यारावांनी मला जिन्यात गाठून एवढंच सांगितलं, "प्रगती आहे." त्यांच्या मानानं हे भाषण होतं.

गोष्ट इथेच थांबायला हवी होती. पण त्याच सुमारास योगेशला कंपनीनं अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. राजनंदिनीला दिवस गेलेले, बाळंतपण तिकडेच, म्हणजे आम्ही दोघांनीही सहा महिने जायचं. केंद्राचं काय करायचं? राजनंदिनी म्हणाली, "आमच्या कंपनीचा सामाजिक जबाबदारी विभाग आहे. त्यांना असंच काहीतरी हवंय. मी बोलते."

विभाग आला. विभाग म्हणजे अक्षता नावाची एक चटपटीत मुलगी आणि तिचा लॅपटॉप. तिनं सगळं पाहिलं आणि मनापासून म्हणाली, "सर, हे ऑसम आहे. पण स्केलेबल नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही नसाल तर बंद पडेल."

हे बरोबर होतं, आणि तिचं पुढचंही सगळं बरोबरच होतं. कंपनी मोठी जागा घेणार होती. नवं साहित्य, घरपोच टेम्पो, फोन केला की वस्तू दारात. नोंदणीचं ती बघणार. मोबदल्यात मी फक्त हो म्हणायचं होतं. सुशीलानं एकच विचारलं, "घरी जाऊन दाखवणार कोण?"

अक्षता थोडी अवघडली. "मॅडम, लीगल टीम म्हणते की आपल्या माणसानं पेशंटला हात लावायचा नाही. उद्या कुणी पडलं तर? आम्ही माहितीपत्रक देऊ. चित्रांसकट."

"चित्रांसकट असेल तर ठीक," सुशीला म्हणाली. तिच्या बोलण्यातला हा सूर तात्यारावांचा होता. रोज तिसऱ्या मजल्यावर जाऊन लागला असावा.

नव्या केंद्राचं उद्घाटन थाटात झालं. खराडीहून बस भरून मुलंमुली आली, सगळ्यांच्या अंगात एकसारखे टी-शर्ट. मला तिसऱ्या रांगेत बसवलं. कंपनीचे साहेब इंग्रजीत बोलले. 'मिस्टर रंगनाथन यांच्या प्रेरणेतून' असं त्यांनी दोनदा म्हटलं. पहिल्यांदा मी इकडे-तिकडे पाहिलं, दुसऱ्यांदा योगेशनं कोपरानं ढोसलं तेव्हा मी उभा राहिलो. टाळ्या वाजल्या. फुलांचा गुच्छ मिळाला, त्यातली निम्मी फुलं कागदाची होती. सुशीलाला काही मिळालं नाही. तिचं नाव तरी चुकलं नाही म्हणायचं.

आम्ही विमानात बसलो. निघताना सुशीला वर जाऊन राधावहिनींना भेटून आली. "मी आले की आपण खाली बागेपर्यंत जायचं," असं ठरवून आली.

अमेरिकेतल्या सहा महिन्यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. नातू झाला, तो गोरापान आहे, आणि तिकडे रस्त्यात माणसं दिसत नाहीत. सुशीला खिडकीत बसून म्हणायची, "इथे कुणाला वॉकर लागत नसेल का?" लागत असेल, पण कुणाचं दार कुठलं ते कळणार कसं?

परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कंपनीचं केंद्र बघून आलो. अगदी चोख. संगणकावर सगळी नोंद, भिंतीवर आलेख, आलेखाची रेघ सारखी वर जाणारी. आमच्या पार्किंगमध्ये मावलं असतं त्याच्या कित्येक पट साहित्य शहरभर फिरत होतं. धनकवडीपासून विश्रांतवाडीपर्यंत माणसांना पलंग मिळत होते, खुर्च्या मिळत होत्या. हे चांगलं नाही असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? अक्षतानं मला ओळखलं, खुर्ची दिली, कॉफी दिली. परतीची तारीख जवळ आली की पेशंटच्या घरी आपोआप एसएमएस जातो हेही तिनं कौतुकानं दाखवलं. "तुमचाच नियम, सर. आम्ही फक्त ऑटोमेट केला."

घरी आलो आणि मला एकदम तात्यारावांची आठवण झाली. सुशीला तेव्हा सामान लावत होती. आम्ही दोघंही वर गेलो.

दार तात्यारावांनी उघडलं. त्यांची बटणं बरोबर लागलेली होती. स्वतःची कामं स्वतः करायला ते शिकले होते, हे पाहून मला का कोण जाणे वाईट वाटलं. राधावहिनी आतल्या खोलीत पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. सुशीलाला पाहून हसल्या. सुशीला त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"वॉकर?" मी हळूच विचारलं.

"तारीख आली. परत केला."

"अहो, पण वहिनींना लागत होता ना. फोन करायचात तिथे. मुदत वाढवून मिळाली असती."

"सेक्रेटरी मी. नियम मी मोडला तर बाकीच्यांना काय सांगू?" मग त्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे एक नवा कोरा वॉकर उभा होता, दांड्यांवरचा प्लास्टिकचा कागदही न काढलेला. "तो परत केला त्याच दिवशी लक्ष्मी रोडवरून हा आणला. वॉकर नव्हता म्हणून काही झालेलं नाही, रंगराव. तसं मनाला लावून घेऊ नका."

"मग?"

तात्याराव खुर्चीवर बसले. बोलणं त्यांना कधीच सोपं नव्हतं. टेबलावरचं वर्तमानपत्र त्यांनी उचललं, घडी घातली, पुन्हा ठेवलं.

"सुशीलाबाई यायच्या तेव्हा बेल वाजली की ही मला उठू द्यायची नाही. 'मी उघडते' म्हणायची. पलंगापासून दारापर्यंत जायला हिला बराच वेळ लागायचा. सुशीलाबाई बाहेर उभ्या. दुसऱ्यांदा बेल कधी वाजवली नाही त्यांनी. मी इथे बसून पाहायचो. दार उघडलं की दोघी काहीतरी मोठं केल्यासारख्या हसायच्या."

"आणि मग?"

"मग तुम्ही गेलात. माहितीपत्रक आलं, चित्रांसकट. मी रोज वाचून दाखवायचो. ही म्हणायची, उद्या उठते." ते नव्या वॉकरकडे पाहत होते. "दार उघडायला हिनं कुणासाठी जायचं? घरात येणारा मी एकटा. आणि माझ्याकडे किल्ली असते."

कुणी चूक केली असती तर बरं झालं असतं, निदान चार शब्द सुनावता आले असते. पण कंपनीची चूक नव्हती, अक्षताची नव्हती. आम्ही नातवासाठी गेलो होतो, तेही चूक कसं म्हणू? 'कुठली कंपनी आहे?' असं डॉक्टरांनी मला विचारलं होतं त्याचं उत्तर तेवढं मी चुकीचं दिलं होतं, आणि ते दुरुस्त करायला आता डॉक्टर काही पुन्हा विचारणार नव्हते.

आत सुशीला राधावहिनींचा पाय चोळत होती. "उठायचं का?" ती म्हणाली. राधावहिनींनी प्रयत्न केला. दोन्ही बाजूंनी आम्ही धरलं. पण पाय सहा महिन्यांत आखडून गेले होते, त्यांच्यात जीव राहिला नव्हता. त्या पुन्हा टेकल्या आणि ओशाळल्यासारख्या म्हणाल्या, "तुम्ही लांबून आलात आणि मी अशी." नंतर डॉक्टरांनीही पाय तपासून आशा दिली नाही. तेव्हा चाललेलं टिकवलं असतं तर वेगळं होतं, आता फार आशा धरू नये.

कंपनीचं केंद्र जोरात आहे. त्यांचं वार्तापत्र मला दर तिमाहीला येतं, त्यात माझं नाव आता बरोबर छापतात. मी ते कपाटात ठेवतो.

सुशीला रोज दुपारी तिसऱ्या मजल्यावर जाते. तात्यारावांनी तिच्यासाठी दार लोटून ठेवायला सुरुवात केलीय. तरी ती बेल वाजवते आणि बाहेर उभी राहते. आतून राधावहिनी म्हणतात, "उघडंच आहे, या." सुशीला लगेच आत जात नाही. थोडा वेळ तशीच थांबते, मग दार ढकलते.